गच्चीवर न चढता छापलेली प्रमाणपत्रं

इमारतींच्या लायटनिंग अरेस्टरची तपासणी आणि देखभाल करण्यासाठी म्हणून जी सॉफ्टवेअरं आज विकली जातात, त्यांतली मी पाहिलेली बहुतेक एकच काम चोख करतात. गच्चीवर कुणीही न चढता ती प्रमाणपत्र छापून देतात. सुबक पीडीएफ, कोपऱ्यात क्यूआर कोड, खाली डिजिटल सही. सोसायटीचे सेक्रेटरी तो कागद फायलीला लावतात, ठेकेदार बिल उचलतो आणि अरेस्टरची वरची तुटलेली धातूची पट्टी तशीच लोंबकळत राहते. मी विद्युत कामांच्या तपासण्या करतो आणि हा प्रकार मला संतापजनक वाटतो.

पुण्याच्या उपनगरातल्या एका उंच इमारतीचे अहवाल माझ्यापुढे आले. सलग तीन वर्षं, प्रत्येक अर्थ पिटचं (जिथून वीज जमिनीत उतरते त्या खड्ड्याचं) रीडिंग १.८ ओहम. एकाही पिटमध्ये दशांशाचाही फरक नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्थ टेस्टर हातात धरला आहे, त्याला हे खोटं आहे हे पहिल्या पानावरच कळतं. आपल्याकडे वरती थोडी काळी माती किंवा मुरूम आणि खाली कातळ. एकाच आवारात दहा पावलांवर रीडिंग बदलतं. उन्हाळ्यात माती भेगाळली की ते चढतं, श्रावणात उतरतं. त्यातला एक पिट तर नव्या पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता, त्याचं झाकणही सापडेना. तरी अहवालात त्याच्यापुढे १.८ आणि हिरवी खूण. रीडिंग घेणाऱ्या पोराला विचारलं, तर त्याने मोबाइलवर बटण दाखवलं : ‘मागील अहवालातून भरा’. म्हणाला, “सर, सगळ्या साइटला असंच करतो.”

यावर सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, माणूस खोटं बोलला तर आम्ही काय करणार? मला हे उत्तर मान्य नाही. ते बटण कुणी बनवलं? फॉर्म उघडताच प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ आधीच भरलेलं असतं, ते कुणी ठरवलं? फोटो कॅमेऱ्यातून न काढता गॅलरीतून, गेल्या वर्षीचा उचलून चिकटवता येतो, ती सोय कुणी दिली? जाहिरातीत ‘दहा मिनिटांत अहवाल’ असं छापणाऱ्याला नीट माहीत असतं की दहा मिनिटांत एकाही पिटची प्रामाणिक तपासणी होत नाही. पट्टी जमिनीजवळ जिथे जोडलेली असते ती टेस्ट लिंक आधी सोडवावी लागते. तिचे बोल्ट गंजलेले असतात, रंगाऱ्याने त्यावर दोन हात मारलेले असतात. मग दोन खुंट्या ठरावीक अंतरावर ठोकायच्या, रीडिंग घ्यायचं, मधली खुंटी सरकवून पुन्हा घ्यायचं. लिंक न सोडवता मोजलं तर सगळ्या पिट्सचं मिळून एकत्र रीडिंग येतं. ते अर्थातच देखणं दिसतं आणि त्या एका पिटबद्दल काहीच सांगत नाही. लिंक सोडवली होती का, खुंट्या किती अंतरावर होत्या, टेस्टरचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे प्रश्न मी पाहिलेल्या फॉर्ममध्ये नव्हते. महिना कोणता, हेही कुणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत घेतलेला आकडा एप्रिल-मेच्या वळवासाठी काय कामाचा? महाराष्ट्रात विजा कडाडतात त्या मुख्यतः मॉन्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात.

आपल्याकडे मानकं नाहीत असं नाही. १९८९चं आयएस २३०९ होतं, त्यानंतर आयएस/आयईसी ६२३०५ आलं. त्यात संरक्षणाचे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या इमारतींची नजरेने तपासणी दर वर्षी आणि संपूर्ण तपासणी दोन वर्षांतून एकदा सुचवली आहे. इमारतीत फेरबदल झाला किंवा तिच्यावर वीज पडल्याचं कळलं, तर वेळापत्रकाची वाट न पाहता तपासा, असंही सांगितलं आहे. या शेवटच्या वाक्याचं सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केलं? काहीही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजा टिपणाऱ्या सेन्सरांचं जाळं आहे, त्यावर चालणारं दामिनी ॲप शेतकऱ्याच्या खिशात पोचलं आहे. काल रात्री या परिसरात वीज कोसळली, जाऊन गच्ची पाहा, एवढा एक निरोप पाठवणं तंत्राला जड नाही. पण त्या निरोपातून बिल निघत नाही, वर्षाच्या करारातून निघतं.

फेरबदलाचं तर नावच नको. आज प्रत्येक गच्चीवर काही ना काही उभं राहत आहे. सोलर पॅनेल, मोबाइलचा टॉवर, पत्र्याची शेड, टाकीवर चढवलेली आणखी एक टाकी. अरेस्टरची रचना ठरवताना इमारतीवरून एक काल्पनिक गोळा फिरवतात. पहिल्या वर्गासाठी त्याची त्रिज्या २० मीटर, चौथ्यासाठी ६०. तो गोळा जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. सोलरची चौकट अरेस्टरपेक्षा वर निघाली तर हिशेब नव्याने करायला हवा. पॅनेलपासून पट्टी किती दूर हवी, हे पुन्हा काढायला हवं. वॉटरप्रूफिंगवाला पट्टी उचकटून बाजूला टाकतो आणि काम झाल्यावर ती जोडत नाही, हे तर मी वारंवार पाहतो. सॉफ्टवेअरमधला गच्चीचा नकाशा मात्र इमारत उभी राहिली त्या दिवसाचाच असतो, तोही असलाच तर.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘अर्ली स्ट्रीमर’ जातीच्या अरेस्टरभोवती सॉफ्टवेअरच्या नकाशात काढलेलं हिरवं वर्तुळ. एक खांब, त्यावर चकचकीत डोकं आणि शंभर मीटरच्या आसपासच्या संरक्षणाचा दावा. आयईसी ६२३०५ सांगतं की संरक्षित क्षेत्र ठरवताना अरेस्टरची केवळ प्रत्यक्ष धातूची मापं धरा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली त्रिज्या जशीच्या तशी घेऊन जे सॉफ्टवेअर शेजारची शाळा आणि मैदानही हिरवं रंगवतं, ते तपासणी करत नाही. ते त्या विक्रेत्याचा माल खपवतं. त्या मैदानावर मुलं खेळतात.

विजेने मरणारे बहुतेक लोक उघड्यावर, शेतात, झाडाखाली मरतात. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत २०२२ साली देशभरात विजेने झालेले २,८८७ मृत्यू आहेत. म्हणून इमारतीचं काय एवढं, असं मला ऐकवलं जातं. पण इमारतीत वीज शिरते तेव्हा वायरिंग पेटतं, लिफ्टचं नियंत्रण जळतं, दवाखान्यातली यंत्रं बंद पडतात. त्या यंत्रांवर माणसाचा जीव टांगलेला असतो.

आगीसाठी महाराष्ट्रात २००६चा कायदा आहे, जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. लिफ्टसाठी कायदा आहे, जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट आहे. विजेच्या आघातासाठी ठरलेल्या महिन्यात भरायचा असा नमुना मी कुठल्याही सोसायटीच्या फायलीत पाहिलेला नाही. सरकारने तो आणावा. पण आत्ताची सॉफ्टवेअरं आहेत तशी ठेवून आणला, तर फक्त खोट्या पीडीएफ वाढतील, हेही मी आजच सांगून ठेवतो.

शिवाय नोंदी कुणाच्या? सोसायटीने ठेकेदार बदलला की जुनी रीडिंग्ज त्याच्या खात्यात अडकतात. नवा माणूस शून्यापासून सुरू करतो, आणि कोणता पिट दर वर्षी थोडा थोडा बिघडत चालला आहे हे कुणालाच कळत नाही. देखभालीचा सगळा जीव त्या चढत्या आकड्यात असतो. ज्याने यंत्रणा बसवली त्यालाच ती तपासायला सांगणं ही दुसरी चूक, आणि सॉफ्टवेअर ती खुशाल चालवून घेतं, कारण त्याचे पैसे भरणारा ठेकेदारच असतो.

मला हवं असलेलं सॉफ्टवेअर अवघड नाही. प्रत्येक पट्टीला आणि पिटला क्रमांक. रकाने कोरे. फोटो त्याच वेळी, त्याच जागी काढलेला. गेल्या वर्षीचा आकडा रीडिंग भरून झाल्यावरच दिसावा, आधी नाही. दोन वर्षांचे आकडे दशांशापर्यंत जुळले तर अहवाल अडावा. दोष दुरुस्तीच्या फोटोशिवाय बंद होऊ नये. आणि सगळ्या नोंदी सोसायटीच्या नावावर, हव्या तेव्हा उतरवून घेता येतील अशा.

हे महाग पडेल, असं कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच. प्रामाणिक तपासणी महागच असते, कारण तिला माणूस, शिडी आणि अर्धा दिवस लागतो. तेवढे पैसे द्यायचे नसतील तर ठरावात तसं लिहा आणि त्याखाली सह्या करा. आणि द्यायचे असतील तर मार्चमध्ये, माती कोरडी असताना, कमिटीतल्या एकाने त्या माणसाबरोबर गच्चीवर आणि प्रत्येक पिटजवळ जावं, टेस्ट लिंक आपल्या डोळ्यांदेखत सोडवून घ्यावी, टेस्टरवरचा आकडा स्वतः वहीत लिहावा आणि तो अहवालातल्या आकड्याशी जुळल्याशिवाय बिलावर सही करू नये.