सकाळी साडेदहाचा आवाज

गेल्या दोन महिन्यांतली वाचकांची बरीच पत्रं एकाच गाऱ्हाण्याची आहेत. आवाजाची तक्रार असलेल्या शिक्षिकेला वर्गात माइक मिळावा किंवा तासिका कमी व्हाव्यात म्हणून आपण अहवाल देतो आणि वैद्यकीय मंडळाकडून तो शेरा मारून परत येतो: ‘पीटीपी सामान्य. शिफारशीस कारण दिसत नाही.’

पीटीपी म्हणजे आवाज सुरू व्हायला लागणारा फुप्फुसांतला किमान दाब. ओठांत नळी धरून हळू ‘पी पी पी’ म्हणायला लावून तो सेंटिमीटर पाण्यात मोजतात. आकडा खरा असतो. तो घेतलेली वेळ चुकीची असते. ओपीडी नऊ ते साडेबारा. शाळा दुपारची असेल तर बाई शाळेला जाण्याआधी येतात, सकाळची असेल तर रजा टाकून येतात. दोन्ही वेळा आपण रात्रभर विसावलेला आवाज मोजतो. मंडळाच्या अर्जात पीटीपीसाठी एकच चौकट आहे. तारखेला जागा आहे, वेळेला नाही. थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला थकण्याआधी तपासायचं आणि थकवा सापडला नाही म्हणून अर्ज फेटाळायचा, हा उघड अन्याय आहे.

माझ्याकडे पाचवीला शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. सकाळी साडेदहाला ३.५ सेंटिमीटर. ‘सामान्य’ लिहून मी मोकळा झालो. आठवड्याभरानं संध्याकाळी पावणेसहाला त्या दारात उभ्या, खांद्याला वह्यांची पिशवी तशीच. ‘सर, आत्ता बघा ना.’ एवढं म्हणतानाही पहिला स्वर नुसत्या हवेवर निघाला. त्याच पट्टीत, त्याच नळीनं पाहिलं, तर ४.९. हा दुसरा आकडा कुठे लिहू, असं मी मंडळाला विचारलं. नमुना बदलायचा अधिकार आमच्याकडे नाही, आणि चौकटीत दोन आकडे दिसले तर अर्ज सदोष धरला जाईल, असं उत्तर आलं.

टिट्झे यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या समीकरणात हा किमान दाब ऊतींचा चिकटपणा आणि स्वरद्वाराची रुंदी यांच्याबरोबर वाढतो. साठ मुलांसमोर चार तासिका घेतल्यावर यातलं काय बदलत नाही? सॉलोमन आणि डीमॅटिया यांनी २००० साली चार स्त्रियांना दोन तास मोठ्यानं वाचायला लावलं. वाचनानंतर दाब चढला, आणि चौघींपैकी तिघींमध्ये भरपूर पाणी प्यायल्यामुळे तो चढ लांबला किंवा कमी झाला. म्हणजे या मोजमापाचा अर्थ दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. एकट्या आकड्यावरून थकव्याबद्दल होय किंवा नाही म्हणताच येत नाही.

पण दोष फक्त मंडळाचा नाही. हा फरक पुष्कळदा सेंटिमीटरभराच्या आतबाहेरचाच असतो, आणि तेवढी चूक आपलीच यंत्रं करतात. पत्रांसोबत आलेले आलेख पाहून मी अस्वस्थ झालो. दाबाची शिखरं टोकदार आहेत, तरी मोजली आहेत. माथा सपाट नसेल तर ओठ मिटलेले असताना तोंडातला दाब फुप्फुसातल्या दाबाच्या बरोबरीला आलेलाच नाही. तो आकडा टाकूनच द्यायला हवा. काही ठिकाणी ‘पी पी पी’ हळू म्हणताना रुग्ण ‘बी’वर घसरला आहे, आणि कोणी थांबवलेलं नाही. ‘फी’ही चालत नाही, आपल्या बोलण्यात तिथे ओठ पुरते मिटतच नाहीत. नळीत लाळ, नळीच्या तोंडावर जीभ, नाकातून गळती, हे सगळं जागच्या जागी पाहायचं असतं.

कॅलिब्रेशनसाठी कंपनीचा माणूस येत नाही, ही सबब मला मान्य नाही. सलाइनची नळी यू आकारात फळीला बांधा, अर्धी पाण्यानं भरा, मागे फूटपट्टी लावा. दोन पातळ्यांत पाच सेंटिमीटर फरक पडला की यंत्रानं पाच दाखवलं पाहिजे. दर सोमवारी दहा मिनिटं लागतात.

जूनमध्ये शाळा उघडतील. माझी प्रत्येक वाचकाला कळकळीची विनंती आहे: निदान पाच शिक्षकांचा पीटीपी शाळेआधी आणि शाळा सुटल्यावर तासाभराच्या आत घ्या. ओपीडी बंद झाली असेल तर नळी आणि यंत्र घेऊन शाळेत जा. पट्टी दोन्ही वेळा तीच ठेवा, त्यांना किती जोर लावावा लागतो तेही विचारा, कारण जाणवणारा थकवा आणि चढणारा दाब दर वेळी हातात हात घालून जात नाहीत. अर्जातल्या त्या एका चौकटीत तिरकी रेघ मारून दोन्ही आकडे वेळेसकट लिहा. सदोष म्हणून परत आलेला प्रत्येक अर्ज, नाव झाकून, मूळ आलेखासह ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. नमुना बदलण्याच्या मागणीला आम्ही ते सगळे जोडणार आहोत.