टँकर स्वस्त पडत नाही

विरळ वस्तीच्या पाड्यांना नळयोजना परवडत नाही, तिथे टँकरच बरा, असे मत गेल्या अंकातील पत्रात वाचले. ते मला अजिबात मान्य नाही. योजनेचा खर्च एकदाच डोळ्यांत भरतो. टँकरचा खर्च दर उन्हाळ्यात नव्याने होतो.

शहापूर तालुकाच पाहा. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे इथलीच. पाऊसही २,००० मिलिमीटरहून अधिक. पण कातळात पाणी मुरत नाही, उतारावरून वाहून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. मग टँकरचे पाणी विहिरीत ओततात, तळचा गाळ ढवळतो आणि तेच गढूळ पाणी बायका हंड्यांवर हंडे चढवून घरी नेतात.

२०१९च्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे आहे. त्यात पाडा लहान की मोठा, हा प्रश्नच येत नाही. झऱ्याचे संवर्धन, सौरपंप, छोटी टाकी आणि दुरुस्ती शिकलेला पाड्यातलाच एक तरुण, एवढ्यानेही अनेक ठिकाणी काम भागेल.

प्रशासनाने प्रत्येक पाड्याचा गेल्या पाच वर्षांचा टँकरखर्च ग्रामसभेपुढे मांडावा. परवडण्याची चर्चा त्यानंतर करू.

– एक वाचक, शहापूर (जि. ठाणे)