आजोबांची जागल

वैनगंगा दक्षिणेकडे वाहत येते आणि मार्कंड्यापाशी वळण घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते. त्या वळणाच्या काठी, विदर्भाचे खजुराहो म्हणून ओळखला जाणारा मंदिरसमूह उभा आहे. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी वीज कोसळून मुख्य मंदिराच्या शिखराची हानी झाली, असे तेथील वृद्ध सांगतात. माझ्या आजोबांनी विजेविषयी ऐकलेली पहिली गोष्ट हीच. पुढे त्यांचे निम्मे आयुष्य विजेच्या तारांच्या सहवासात गेले; तरी ‘वीज देवाच्या घरालाही ओळख देत नाही’ हे बालपणीचे वाक्य ते अखेरपर्यंत म्हणत असत.

आजोबांचा जन्म १९४३ चा. घर धानशेतीचे, चार-दोन बांध्यांचे. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशभर सैन्यभरती वाढली, तेव्हा विसाव्या वर्षी ते फौजेत गेले. जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात त्यांना दूरध्वनीच्या तारा टाकण्याचे आणि तुटलेल्या जोडण्याचे काम शिकवण्यात आले. १९७१ च्या युद्धात, ३ ते १७ डिसेंबरपर्यंत, ते पश्चिम सीमेवर होते. आम्ही मुले त्यांना बंदुकीच्या गोष्टी विचारत असू. ते मात्र तारेची गोष्ट सांगत. तोफगोळ्याने तार तुटली की दोघांनी अंधारात निघायचे, तार हातातून सोडत सोडत तिचे तुटके टोक शोधायचे, गाठ मारायची आणि पलीकडचा आवाज ऐकू आल्यावाचून परतायचे नाही. “तार जोडली असं आपण म्हणून भागत नाही, बाबू,” ते म्हणत, “पलीकडच्यानं म्हणायला पाहिजे.”

पंधरा वर्षांची नोकरी पूर्ण करून १९७८ मध्ये ते गावी परतले आणि पुढील वर्षी वीज मंडळात लाइनमन झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातील आजोबा, घर न सोडता, नव्या जिल्ह्याचे रहिवासी झाले. काम मात्र तेच राहिले. पावसाळ्यात झड लागली की सागाच्या किंवा ऐनाच्या फांद्या तारांवर पडत, गावे अंधारात जात, आणि आजोबा खांद्यावर दोर व हातात पक्कड घेऊन चिखलातून चालू लागत. महाशिवरात्रीच्या यात्रेत सारा गाव दर्शनाच्या रांगेत असे आणि ते खांबापाशी. खांबावर चढण्यापूर्वीचा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. आधी पुरवठा बंद करायचा, तो बंद असल्याची स्वतः खात्री करायची, मग तारांना अर्थिंगची साखळी लावायची आणि नंतरच हात घालायचा. कोणी घाई केली तर ते खाली उभे राहूनच शांतपणे ऐकून घेत.

या माणसाच्या आयुष्यातील ज्या एका प्रसंगासाठी आज लेखणी उचलली, तो मी दहा वर्षांचा असतानाचा आहे.

आमच्या भागात धान निसवले की रानडुकरांचे कळप जंगलातून उतरतात. वर्षाची मेहनत एका रात्रीत तुडवली जाते. त्यावर काही शेतकरी एक भयंकर उपाय करीत आले आहेत. शेतावरून जाणाऱ्या तारेवर बांबूने आकडा टाकायचा आणि तोच प्रवाह धुऱ्यावरच्या उघड्या तारेत सोडायचा. घरातल्या दिव्याचे २३० व्होल्टच तेथे असतात. परंतु ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जिवाचे स्नायू त्या प्रवाहाने आवळले जातात आणि धरलेली तार सुटत नाही. ती तार डुक्कर पाहत नाही, हरीण पाहत नाही, वाघ पाहत नाही, आणि पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारीही पाहत नाही. शेजारच्या एका गावी आजोबांनी पुरवठा तोडून अशा तारेवरून एका शेतकऱ्याचा देह सोडवला होता. वीज गेली म्हणून तो स्वतः लावलेली सैल तार ताणायला गेला, आणि तेवढ्यात वीज आली.

त्या वर्षी कोजागिरीनंतर तारांची पाहणी करताना आजोबांना एक आकडा दिसला. शेत आजीच्या सख्ख्या भावाचे होते. आजोबांनी पुरवठा बंद केला, आकडा काढला, धुऱ्यावरची तार गुंडाळली आणि नियमानुसार अहवाल लिहायला घेतला. आजी दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, “अहो, भाऊबीज आठ दिवसांवर आली आहे.” आजोबा म्हणाले, “दुसऱ्या कोणाचं शेत असतं तर लिहिलं असतं ना? मग याचंही लिहावं लागेल.”

मामाआजोबांना दंड झाला. भाऊबीजेला ते आले नाहीत. आजीने पाट मांडला होता, निरांजन लावले होते. ते विझेपर्यंत ती बसून राहिली आणि मग ताट उचलून आत गेली. आजोबांनी ते पाहिले. त्या दोघांत त्याविषयी एक शब्दही झाल्याचे मला स्मरत नाही.

मात्र त्याच रात्री जेवण झाल्यावर आजोबांनी घोंगडी घेतली, बॅटरी घेतली, तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेतली, आणि मामाआजोबांच्या शेतावर जागलीला गेले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मामाआजोबा मचाणावर होते. आजोबा जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर शेकोटी करून बसले. धान भारी जातीचे होते, कापणीला तीन आठवडे अवकाश होता. आजोबा दिवसा खांबावर आणि रात्री धुऱ्यावर असत. मी हट्ट करून एकदा त्यांच्यासोबत गेलो. मध्यरात्री झुडुपांत खसखस झाली, आजोबांनी डबा बडवला. क्षणभराने मचाणावरूनही डबा वाजला. दोन्ही बाजूंच्या त्या आवाजाखेरीज दोघांत संभाषण नव्हते.

“तुम्ही का येता?” मी विचारले.

“त्याची तार मी काढली,” ते म्हणाले. “मग त्याचं धान राखणं कोणावर आलं?”

कापणी झाली. डुकरांनी एक कोपरा खाल्लाच; उरलेले पीक घरी आले. पौषात मामाआजोबांच्या मुलाने नव्या तांदळाचे गाठोडे आणून आजीपुढे ठेवले. मामाआजोबा स्वतः आले ते पुढच्या भाऊबीजेला. त्या दिवशी दोघे मेहुणे अंगणात बसून बराच वेळ पावसापाण्याविषयी बोलत राहिले.

आजोबा २००१ मध्ये निवृत्त झाले. त्यांना जाऊनही आता काही वर्षे लोटली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बातम्यांत विद्युत तारेने वाघ मेल्याचे किंवा शेतकरी दगावल्याचे वाचतो, तेव्हा तो धुरा डोळ्यांपुढे येतो. आज सौर कुंपण मिळते. त्यातील प्रवाह क्षणभराच्या ठोक्यांनी येतो. जनावराला झटका बसतो, ते मागे सरते, मरत नाही. त्यासाठी शासनाच्या जन-वन विकास योजनेतून साहाय्य आहे, आणि पीकहानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. तरीही अर्ज आणि कुंपण यांच्या मधल्या काळात धान उभेच असते, आणि डुकरे वाट पाहत नाहीत.

आजोबांच्या तोंडी ‘अहिंसा’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. कोणाचा जीव घेणारा उपाय आपण काढून घेतला, तर त्याची अडचण आपल्याकडे येते, एवढे त्यांना ठाऊक होते. वाचकहो, आपणही अनेकदा एखाद्याला ‘हे करू नकोस’ असे सांगतो, आणि ते सांगणे योग्यही असते. त्यानंतर त्याच्या धुऱ्यावर आपण किती रात्री बसलो, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारतो, आणि माझ्या हिशेबात त्या रात्री फार थोड्या भरतात.