नदीकडे जाणारी वहिवाट

देहूरोडच्या एका अंगाला इंद्रायणी आणि दुसऱ्या अंगाला पवना वाहते, आणि या दोन्ही नद्यांचे पात्र कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे उत्तर महसूल कायद्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमान्वये नद्या, ओढे, नाले व तळी यांचे तळ आणि त्यांतले साचलेले वा वाहते पाणी, ज्यांवर कोणा इसमाची मालकी शाबीत नाही ती सर्व, सरकारची मालमत्ता होय; मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या संहितेतही आशय हाच होता. परंतु ज्या काठावरून त्या पात्रात उतरायचे तो काठ सातबाऱ्यावर बहुधा कोणाच्या तरी नावे लागलेला असतो, आणि मावळातील काठच्या जमिनी जसजशा कसणाऱ्यांच्या हातून सुट्टीपुरत्या येणाऱ्या बंगलेवाल्यांकडे आणि निवासी संकुलांकडे गेल्या, तसतशी पाण्याकडे उतरणारी पायवाट तारेच्या कुंपणाआड गेली. पात्र सरकारी असूनही त्यात गळ टाकण्यास जाणारा मनुष्य आज काठच्या मालकाच्या मर्जीचा मिंधा झाला आहे.

पूर्वीच्या शेतकऱ्याने ही वाट अडवली नव्हती. खांद्यावर पाग टाकून बांधावरून जाणाऱ्या कातकऱ्याला कोणी हटकत नसे, आणि हटकत नसल्यामुळेच त्या वाटेचा कागद करून ठेवावा असे कोणाच्या मनात आले नाही. पहिल्या पावसाने ओढे फुगले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि भातखाचरांपर्यंत येतात. त्या चढणीच्या माशांवर आणि रात्री दिव्याच्या उजेडात धरलेल्या खेकड्यांवर वाडीवस्तीचे कित्येक दिवस निघतात, आणि हेच दिवस घरातले धान्य सरत आल्याचे असतात. ओढ्याच्या तोंडाशी जेव्हा दगडी भिंत उभी राहते तेव्हा माणसाची वाट बंद होते, इतकेच नव्हे तर माशाचीही बंद होते, आणि पुढच्या साली मूळ नदीतच मासळी कमी पडते. हे नुकसान कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते.

कायदाही या भूमिहीनांच्या बाजूने सहज झुकत नाही. चिलिका सरोवराच्या प्रकरणात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने मासे धरण्याचा हक्क हा जमिनीपासून मिळणारा लाभ, म्हणजे स्थावर मिळकतीच्या जातीचा मानला, आणि तो तोंडी कराराने मिळत नाही, त्यास नोंदणीकृत दस्तऐवज लागतो, असे ठरविले. धरणांच्या जलाशयांतील मासेमारी ठेक्याने दिली जाते, आणि ठेका ज्या संस्थेस मिळेल तिच्या सभासदत्वाबाहेर राहिलेला काठावरचा माणूस आपल्याच गावच्या पाण्यात परका ठरतो. वनहक्क कायदा, २००६ याने जलाशयांतील माशांवरचा सामूहिक हक्क शब्दशः मान्य केला, ही मोठीच गोष्ट; पण तो हक्क वनजमिनीपुरता आहे, आणि पवनेचा वा इंद्रायणीचा पुष्कळसा काठ वनखात्याचा नाही.

पाणवठ्यावर खाजगी मालकी सांगण्याचा प्रयत्न महाराष्ट्रास अपरिचित नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केल्यानंतरही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर जो दावा त्यांच्यावर गुदरण्यात आला त्यात तळे खाजगी असल्याचा आणि पूर्वापार वहिवाट आपल्याच बाजूची असल्याचा, असे दोन्ही मुद्दे वादींनी मांडले होते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. ज्या देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेथील रहिवाशांना तरी पाण्याच्या वाटेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये.

वाट खुली ठेवली तर मासळीचा निःपात होईल, ही शंका प्रामाणिक आहे आणि ती मी हलकी मानीत नाही. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, आणि त्याची अंमलबजावणी आज आहे त्यापेक्षा पुष्कळ कडक हवी. परंतु संयम केवळ मालकीतून येतो, असे मानण्यास इंद्रायणीनेच प्रत्यवाय ठेवला आहे: देहू आणि आळंदीच्या घाटांवर वारकऱ्यांच्या श्रद्धेने माशांना अभय दिले, आणि तो घाट कोणा एकाचा नसून सर्वांचा असतानाही हे घडले. मालकाने मासे जतन केल्याचे उदाहरणही मावळातच आहे, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महसीर माशाचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्याचे केंद्र चालविले, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यात आपली विद्या ओतली, आणि तेथले बीज परप्रांतांतील नद्यांतही सोडले गेले. तथापि चांगल्या मालकाची कृपा ही त्याच्या हयातीपुरती आणि त्याच्या इच्छेपुरती असते. जमीन विकली गेली की खरेदीदारावर तिचे बंधन राहत नाही, म्हणून गावाला हक्कच पाहिजे.

तो हक्क कसा द्यावा याचे नमुने जगात आहेत. अमेरिकेतील मोंटाना राज्याने १९८५ साली कायदा करून, तळ कोणाच्याही मालकीचा असो, नेहमीच्या पुराच्या खुणेपर्यंतच्या पात्रातून चालण्याचा व मासे धरण्याचा अधिकार सर्वांस दिला. न्यूझीलंडमध्ये अनेक नद्यांच्या काठी मोजणीची एक साखळी, म्हणजे ६६ फूट, आपल्या गुंठ्याच्या बाजूच्या नेमकी दुप्पट, इतकी पट्टी सार्वजनिक राखली गेली. आपल्याकडे असे करणे अवघड वाटत असेल तर निळ्या पूररेषेचा विचार करावा: काठ आणि ती रेषा यांमधील क्षेत्रात बांधकामास एरवीही मनाई आहे, तेव्हा त्या पट्ट्यातून पायी जाण्याची मुभा दिल्याने मालकाचे बांधकाम बुडत नाही. नदी व तिचा परिसर सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, असे सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या हॉटेलाच्या खटल्यात सांगून पाव शतक उलटले आहे.

नवा कायदा होईपर्यंतही हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही अंमलात आहे. त्याच्या पाचव्या कलमात शेती आणि चराई यांच्या जोडीने मासेमारीच्या जागांचाही उल्लेख आहे, आणि अडवलेले शेतरस्ते खुले करताना तहसीलदार त्याच कलमाचा आधार घेतात. मात्र दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. दिवाळीनंतर बांधकामास जोर येतो, आणि पाण्याची वाट अडल्याचे वाडीच्या ध्यानात येते ते मृगाच्या पावसात, मासे चढू लागल्यावर. तोवर मुदत संपलेली असते. म्हणून काठच्या प्रत्येक गावाने हिवाळ्यातच ग्रामसभा बोलावून नदीकडे जाणाऱ्या सर्व वाटांची यादी करावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या लिहून घ्याव्यात, आणि गावनकाशाच्या प्रतीसह ती वडगावच्या तहसील कचेरीत पोहोच घेऊन दाखल करावी.