पाहुणी परत जाईल कशावरून?

आपल्याकडे पाहुणा निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उंबरठ्यावर एखादी चुकून ‘जाते’ म्हणाली, तर घरातली वडीलधारी बाई लगेच टोकते, ‘जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.’ परदेशी वकिलातीच्या दारात रीत नेमकी उलटी. तुम्ही येणार याचे कौतुक तिथे कोणाला नसते. तुम्ही जाणार कशावरून, हे आधी पटवून द्यावे लागते.

या सदरातून आपण आजवर मुलांच्या शाळेपासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनीपर्यंत पुष्कळ घरगुती प्रश्नांचा काथ्याकूट केला. यंदाचा विषय काहींना जरा दूरचा वाटेल. पण वाचकहो, ज्या घरातले मूल शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडले आहे, त्या घराच्या दारात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. आमच्या घरात तो तीन वर्षे ठाण मांडून बसला होता.

मी नांदेडचा, आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. तिची मुलगी लातुरात एका खाजगी क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्यात लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे गेली आणि पुढे ती नव्या जागी वसवली गेली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या नव्या गावांतल्या घरांचे लोकांनी पुढे काय केले, कुठे भिंत पाडली, कुठे पडवी काढली, याचा अभ्यास करायला युरोपातला एक तरुण वास्तुशास्त्रज्ञ २०२२ साली इकडे आला. त्याला मराठी येईना आणि गावकऱ्यांना इंग्रजी. दुभाषी म्हणून आमची भाची गेली. पुढचे सांगायला नको. दाजींनी चार महिने अबोला धरला आणि पाचव्या महिन्यात त्याला स्वतःच्या हाताने हुरडा भाजून दिला.

त्याला भारतात येण्याची अडचण नव्हती. व्हिसा त्याला घरबसल्या संगणकावर मिळे. अडचण होती ती त्याच्या आईची. तिचे वय ८४, चाकाच्या खुर्चीवर. विमानप्रवासाला डॉक्टरांची सक्त मनाई. ‘मला मुलगी एकदा डोळ्यांनी पाहू दे,’ एवढेच तिचे म्हणणे. म्हणून आमच्या भाचीने तीन आठवड्यांच्या भेटीसाठी अर्ज केला. पहिला २०२३ च्या मे महिन्यात, दुसरा २०२४ मध्ये, तिसरा त्याच वर्षाच्या शेवटी. तिन्ही परत आले.

दर वेळी तेच. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, बोटांचे ठसे द्यायचे, फी भरायची आणि परत यायचे. युरोपातल्या शेंगेन देशांची ही फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पाकीट येई. त्यात एक छापील कागद आणि दोन चौकटींत खुणा: भेटीचा हेतू व परिस्थिती सिद्ध झाली नाही, मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे.

आक्काला त्या ‘इराद्या’चा फार राग आला. ‘माझ्या पोरीचा इरादा त्यांना काय ठाऊक? ती काय पळून चाललीय?’ दाजी म्हणाले, ‘सरकारी कागदाला राग नसतो. त्याला कागदानंच उत्तर द्यावं लागतं.’ दाजींची हयात तहसील कचेरीत गेली. त्यांनी तिन्ही अर्जांच्या नकला ओटीवर पसरल्या आणि मग उलगडा होऊ लागला.

परदेशी अधिकारी आपल्या घरी चहाला येत नाही. त्याच्यापुढे असतो तो फक्त कागद. आमच्या कागदांनी त्याला काय सांगितले? मुलगी तरुण, अविवाहित, पासपोर्ट कोरा. क्लासची नोकरी, पण नेमणुकीचे पत्र नाही. पगार निम्मा बँकेत, निम्मा पाकिटात. घरी अठरा एकर शेती, पण सातबाऱ्यावर नावे आजोबांची, दाजींची आणि चुलत्यांची. मुलीचे नाव कुठेच नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, केंद्राने २००५ साली. पण हक्क कायद्यात असणे वेगळे आणि नाव उताऱ्यावर चढणे वेगळे, हे आपल्या भगिनींना मी सांगायला नको.

सर्वांत घातक ठरली ती बँकेची वही. आमच्याकडे सोयाबीन जूनमध्ये पेरायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढायचे आणि लातूरच्या अडतीवर घालायचे. वर्षाचा पैसा एकदम येतो. आठ महिने वहीत खडखडाट आणि एके दिवशी चार लाख जमा! आपल्याला यात नवल नाही. पण ज्या अधिकाऱ्याला दरमहा पगार मिळतो, त्याला वाटते, हा पैसा कोणाकडून तरी उसना आणून दाखवण्यापुरता ठेवला आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. प्रामाणिक शेतकऱ्याचे खाते आणि लबाडाचे खाते कागदावर असे जुळ्या भावांसारखे दिसते.

याच सुमारास एक एजंट घरी येऊन गेला. ‘तीन वर्षांची विवरणपत्रं करून देतो, खात्यावर सहा महिने दहा लाख फिरवतो, मागच्या नकाराचा उल्लेखच करायचा नाही,’ असा त्याचा सल्ला. दाजींनी त्याला पाणी दिले, चहा दिला नाही. ते बरेच झाले. अर्जात मागच्या नकाराबद्दल विचारलेले असले, तर ते लपवणे म्हणजे कुऱ्हाडीवर पाय मारणे. साध्या नकाराने दार बंद होत नाही, पुन्हा ठोठावता येते. खोट्या कागदाने ते बंद होते. ब्रिटनच्या नियमांत अशा फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत बंदी आहे. अमेरिकेत तर ती जन्मभर चिकटू शकते.

देशोदेशीच्या रीती निरनिराळ्या असल्या, तरी गाभा एकच. अमेरिकेचा १९५२ चा कायदा सरळच म्हणतो की, येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आला आहे असे धरून चालावे. तसे नाही हे त्याने सिद्ध करावे. तिथे या नकारावर अपील नाही, नव्याने अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता. तो जून २०१३ मध्ये काढून घेतला गेला. शेंगेन देशांत अपिलाचा हक्क आजही आहे आणि त्याची मुदत व रीत नकाराच्या कागदावरच छापलेली असते. आपण निराशेच्या भरात तो कागद घडी घालून ठेवून देतो आणि मुदत निघून जाते.

नाकारणारे नेहमी परकेच असतात असेही नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट आठवा. गदर चळवळीतला हा माणूस मेक्सिकोत जाऊन नामांकित कृषिशास्त्रज्ञ झाला. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी तिथेच लग्न केले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसा मागितला, तर तो नाकारला गेला! कारण इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. राज्य गेले, पण यादी राहिली. पुढे तो निर्णय फिरला, खानखोजे परत आले, नागपूरला राहिले आणि तिथेच १९६७ साली वारले. कागद माणसापेक्षा जास्त जगतो तो असा.

आणि सरहद्दीचे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तरी अप्रूप असू नये. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. नाणे वेगळे, हाली शिक्का. जकातीला करोडगिरी म्हणत. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, लातूर निजामाच्या. मधून बार्शी लाइटची चिमुकली गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावे. तरी त्या हद्दीच्या अलीकडच्या मुली पलीकडे दिल्या जात आणि पलीकडच्या सुना अलीकडे येत. नाके होते, पण सोयरीक थांबली नाही.

पुन्हा आमच्या भाचीकडे येतो. तिसऱ्या नकारानंतर दोघांनी ठरवले की, लग्न नाहीतरी करायचेच आहे, ते इथेच करावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला असला की तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. नोटीस कचेरीत लागते, तीस दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि मग तीन साक्षीदारांसमक्ष सह्या. नवऱ्या मुलाला आपण अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या देशाकडून आणावा लागला. २०२५ च्या फेब्रुवारीत लातुरात सह्या झाल्या. साक्षीदारांत एक मी.

लग्न झाल्यावर एक नवाच दरवाजा सापडला आणि तो आम्हाला जावयानेच दाखवला. युरोपीय संघाचा २००४ चा एक नियम आहे. संघाच्या नागरिकाची पत्नी त्याच्या स्वतःच्या देशात जाणार असेल, तर त्या देशाचे नेहमीचे नियम लागतात. पण तोच नागरिक संघातल्या दुसऱ्या एखाद्या देशात जाणार असेल आणि पत्नी त्याच्यासोबत किंवा त्याला भेटायला तिथे येणार असेल, तर तिचा अर्ज विनाशुल्क घ्यावा लागतो, लवकर निकालात काढावा लागतो. लग्न खरे आहे आणि पती तिथे असणार आहे, एवढे दाखवले की पुरते. बँकेची वही नाही, सातबारा नाही. लग्न बनावट असले किंवा सुरक्षा अथवा आरोग्याचा धोका असला, तरच नकार. म्हणजे नवऱ्याच्या घरी जायला शंभर कागद आणि शेजारच्या देशात जायला चार!

आक्का म्हणाली, ‘हे म्हणजे सासरी जायचं तर सासूच्या शेजारणीकडून आत शिरायचं.’ अगदी तसेच. जावयाचे गाव सरहद्दीपासून तासाभराच्या अंतरावर. विमान वर्ज्य असलेल्या म्हातारीला मोटारीतून पलीकडे जायला मनाई नव्हती.

भाचीने या वेळी एकच पानाचे पत्र जोडले. त्यात मागच्या तीन नकारांच्या तारखा तिने स्वतःहून लिहिल्या. लग्नाचा दाखला, त्याचे अधिकृत भाषांतर, पतीच्या पासपोर्टची नक्कल आणि तो तिथे असणार याचे त्याच्या सहीचे पत्र. व्हिसा बारा दिवसांत आला. २०२५ च्या ऑगस्टात सासू-सुनेची गाठ सरहद्दीपलीकडच्या एका लहानशा गावात पडली. म्हातारीने सुनेचा हात दोन तास सोडला नाही, एवढेच भाचीने फोनवर सांगितले. आक्काने पुढचे काही विचारले नाही.

ज्यांचे लग्न व्हायचे आहे किंवा ज्यांना हा आडरस्ता नाही, त्यांनी काय करावे? दाजींनी सांगितलेले चार शब्द देतो. नकाराचा कागद ओळ न् ओळ वाचा आणि प्रत्येक खुणेला वेगळे उत्तर शोधा. तेच कागद घेऊन पुन्हा जाऊ नका; ज्या दाव्यात नवा पुरावा नाही, त्याचा निकालही नवा लागत नाही. मोठी रक्कम जमा असेल, तर अडत्याची पट्टी तिच्या तारखेसह जोडा आणि मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्याही, म्हणजे दर दिवाळीला हेच होते हे दिसेल. मालकाकडून नेमणुकीचे आणि रजेचे पत्र घ्या, कामावर परत रुजू होण्याच्या तारखेसह. निमंत्रण देणाऱ्याकडून खर्चाची हमी घ्या. जर्मनीसारख्या देशात ती सरकारदरबारी रीतसर लिहून देता येते. आणि नाते लपवू नका. ‘मैत्रिणीकडे फिरायला’ असे लिहून होणाऱ्या नवऱ्याकडे जाणे ही चतुराई नव्हे.

आमची भाची मुदतीच्या दोन दिवस आधी परतली, तेव्हा दाजींनी सामानाआधी पासपोर्ट मागितला. आत जाण्याचा एक शिक्का आणि बाहेर पडल्याचा एक. त्यांनी त्या पानाच्या दोन नकला काढून कपाटात ठेवल्या. सासूबाईंचा ८५ वा वाढदिवस मार्चमध्ये होता आणि त्या वेळच्या अर्जाला जोडायला आता एक असा कागद मिळाला होता, की ज्याला उत्तर विचारावे लागत नाही.