लाकडी मशीनबोट फोडू नका

अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्रावरून गोव्यातल्या दिवाडी बेटावर काथ्याच्या दोराने फळ्या शिवून नवं जहाज बांधलं गेलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झालं. बांधणाऱ्यांसमोर मूळ जहाज नव्हतं, आराखडाही नव्हता. चित्रात दिसतं तेवढंच हाती होतं. बाकीचं केरळच्या कारागिरांच्या हातातल्या विद्येतून आणि आयआयटी मद्रासच्या चाचण्यांतून उभं करावं लागलं.

आम्ही हिंगोलीची माणसं. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण अजिंठा आमच्या मराठवाड्यातला. त्या चित्राच्या नात्यानेच किनाऱ्यावरच्या भावाबहिणींना ही विनंती आहे: जुनी लाकडी मशीनबोट फोडू नका. फायबरच्या बोटी आल्या, त्या हलक्या आणि कमी देखभालीच्या. नाखवाने त्या घेतल्या, यात त्याचा काहीच दोष नाही. पण मग जुन्या बोटीचं इंजिन निघतं, लोखंड भंगारात जातं आणि साग चुलीत. तिच्याबरोबर तिचा आकारही जातो. मिस्त्रीने ती कागदावरून बांधलेली नसते. नजरेने आणि हाताने बांधलेली असते. त्यामुळे त्या बोटीचा आराखडा म्हणजे ती बोटच.

वाचवायची तर आधी ओळख पटवायला हवी. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, रंगवलेला नोंदणी क्रमांक पुसट झाला असेल, तरी तिरप्या उजेडात बहुतेक वेळा वाचता येतो. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना, मच्छीमार सोसायटीची जुनी वही, इंजिनावरची पाटी, सगळ्यांचे फोटो काढा. पाटी खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मात्र इंजिन नंतरही बदललेलं असू शकतं, म्हणून पाटीवरचं साल हे बोटीचंच साल असं धरून चालू नये. खरी साक्ष लाकडाची. नाळेचा बाक, मागचा भाग टोकदार की सपाट, फळ्या कशा जोडल्या आहेत, हे पाहून जाणता मिस्त्री ती कुठल्या बंदरची ते सांगतो. तो बोलत असताना कोणीतरी लिहून घ्या. आमच्या मते सगळ्यात निकडीचं काम हेच आहे. बोट आणखी दोन पावसाळे तग धरेलही, सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रीचं तसं सांगता येत नाही.

पुढचं काम धीराचं आहे. बोट दोन ओंडक्यांवर ठेवली तर मधून वाकते; तिच्या पठाणाला, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईला, ठिकठिकाणी आधार द्या आणि पुढून मागे दोरी ताणून बाक मोजा. हातोडीने हलके ठोका: चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल तर तिथे टोच्याने तपासा. लाकडाचा वैरी म्हणून सगळे समुद्राच्या किड्याकडे बोट दाखवतात, पण काठावर पडलेल्या बोटीला जास्त खातं ते पावसाचं गोडं पाणी. ते आत साचू देऊ नका. वर छप्पर घाला, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. प्लास्टिकने गुंडाळलं तर ओल आतच कोंडते. गळती थांबावी म्हणून वरून फायबरचा थर चढवण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण त्याखाली ओल अडकली की लाकूड न दिसता कुजत राहतं.

कुजलेला भाग तेवढाच काढून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड बसवायचं. फटींत कापूस ठोकून राळ भरायची, पण गच्च नाही. वाळून आकसलेल्या फळ्या पाण्यात फुगतात, आणि फट आधीच ठासून भरली असेल तर खिळे ओढले जातात. पहिल्या भरतीला बोट गळणारच. पंप लावा, तिला काही दिवस पाणी पिऊ द्या. पाण्यात बोटीचा आकार किंचित बदलतो, म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची रेघ ती फुगल्यावरच शेवटची जुळवायची.

हे सगळं करायला मुहूर्तही आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत बोटी वर ओढलेल्या असतात आणि खलाशी, मिस्त्री गावातच असतात. सातपाटी, वसई, हर्णे, मालवण, प्रत्येक बंदराने येत्या बंदीत एक, फक्त एक बोट निवडावी. मच्छीमार सोसायटीने जागा द्यावी, मेरीटाइम बोर्डाने कागदपत्रांची वाट सोपी करावी, आणि मिस्त्रीला पूर्ण मजुरी मिळावी. सेवा म्हणून फुकट राबवून घेतलं तर ही विद्या उद्या कोण शिकेल?

आणि हिंगोलीकरांनो, आपणही हात झटकायचे नाहीत. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, एवढं पाणी आपल्या दाराशी आहे. त्या काठांवर एखादी जुनी लाकडी नाव पालथी पडलेली दिसली, तर सरपणाला नेण्याआधी भोई समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती कोणी बांधली आणि कशी. मापं घ्या, फोटो काढा. आपल्या आयटीआयमधली सुतारकामाची मुलं मासेमारीबंदीच्या त्या दोन महिन्यांत एखाद्या बंदरावर मिस्त्रीच्या हाताखाली राहू शकतात. त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवणाचा खर्च गावाने वर्गणीतून उचलावा, आणि ती वर्गणी जून उजाडण्याआधी जमा व्हावी.