सोमवारचा शुक्रवार कसा झाला

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, आतल्या भिंतीवर, अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे. फारुकी राजा आदिलशाहाने मशीद बांधल्याची ती नोंद. काळ सांगताना लेख लिहिणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी सरून लागलेली एकादशी, सोमवार. पुढे नक्षत्र, योग, करण, रात्रीच्या किती घटका गेल्या तेही, आणि कन्या लग्न.

अभ्यासकांनी याची इंग्रजी तारीख काढली ५ जानेवारी १५९०. शिकवणीत पायथनमधल्या तारखा शिकवताना मी मुलांना हीच दिली. वर्ष, महिना, दिवस भरायचे आणि वार विचारायचा. सोमवार शून्य धरून आकडा मिळतो. उत्तर आलं चार, म्हणजे शुक्रवार. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, कोरणाराच चुकला असेल."

पडद्यावर दिसलं ते खरं आणि दगडावरचं खोटं, हे तिला इतक्या सहज वाटावं याचं मला फार वाईट वाटलं.

कोरणारा चुकलेला नाही. पोप तेराव्या ग्रेगरींनी १५८२ मध्ये पंचांग सुधारलं, तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळाल्या, वार मात्र ओळीने चालत राहिले. इंग्लंडने हा बदल १७५२ पर्यंत स्वीकारला नव्हता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या तिथींच्या इंग्रजी तारखा बहुधा जुन्या ज्युलियन रीतीनेच काढल्या गेल्या. पायथन मात्र आजची ग्रेगोरियन रीत थेट इसवी सन १ पर्यंत मागे ताणतो. दहा दिवस मिळवून १५ जानेवारी घातली, की शून्य येतं. सोमवार.

शिवजन्माचंही तसंच. १९ फेब्रुवारी १६३०, वार शुक्रवार. पायथन मंगळवार सांगतो. ३० फेब्रुवारी घातली तर तो जागच्या जागी अडवतो, पण इथे हूं की चूं करत नाही. म्हणूनच ही चूक मला जास्त घातक वाटते. जुनी तारीख प्रोग्रामला देताना ती कोणत्या पंचांगातली हे शेजारी लिहायलाच हवं, आणि मूळ नोंदीत वार असेल तर तो ताडून पाहायलाच हवा. शाळेच्या प्रात्यक्षिकात यासाठी गुण ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या आठवड्याचा अभ्यास मी गावातलाच दिला आहे. मुमताज महल इथे बुऱ्हाणपुरात वारली, १७ जिल्काद १०४० हिजरी. काही पुस्तकांत ७ जून १६३१ छापलंय, काहींत १७ जून. दोन्ही बरोबर कशा, ते मुलांनी प्रोग्राम लिहून दाखवायचं आहे.